अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीचे मध्यक घरगुती उत्पन्न: वर्षानुवर्षांचा अंदाज कसा काढावा

वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला मॅकडॉवेल नावाची कोळशाच्या खाणींची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग, आहे. २००० च्या जनगणनेत तिथल्या घरांचे मध्यक वार्षिक उत्पन्न १६,९३१ डॉलर नोंदवले गेले. २००६–२०१० च्या पाहणीत तेच २२,१५४ डॉलर निघाले. दोन आकडे शेजारी ठेवले की जवळपास ३१ टक्के वाढ दिसते. असल्या आकड्यांवरून अहवाल लिहिले जातात, अनुदानाचे अर्ज भरले जातात, बातम्याही होतात. ही वाढ खरी आहे की नाही, हे ठरवण्याची रीत पुढे पायरीपायरीने दिली आहे. अमेरिकेत सार्वजनिक धोरण, ग्रामीण आरोग्य किंवा समाजकार्य शिकणाऱ्यांना आणि तिथल्या स्थानिक संस्थांत काम करणाऱ्यांना हे काम हमखास करावे लागते. त्यासाठी इंटरनेट, एक्सेलसारखे तक्त्यांचे सॉफ्टवेअर आणि टिपणवही एवढे पुरे.

कामाचा गाभा आधीच सांगतो. उत्पन्नाच्या प्रत्येक आकड्याला चार खुणा असतात: कोणाचे उत्पन्न, कोणत्या काळातले, कोणत्या वर्षाच्या डॉलरमध्ये आणि किती खात्रीचे. यातली एक जरी खूण हरवली तरी पुढचे सगळे गणित वाया जाते. म्हणून तक्ता उघडताच आकड्याच्या शेजारी या चार खुणांचे चार रकाने आखा.

पायरी १: नेमके काय मोजायचे ते ठरवा

काउंटीतली सगळी घरे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या घराचे उत्पन्न म्हणजे मध्यक. निम्मी घरे त्याच्या खाली, निम्मी वर. सरासरी ही वेगळी गोष्ट आहे. चार श्रीमंत जमीनमालकांमुळे सरासरी फुगते, मध्यक मात्र हलत नाही. आपल्याकडे महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्न येते. ती सरासरी असते, आणि जिल्ह्यातले एकूण उत्पादन लोकसंख्येने भागून ती काढलेली असते. त्या आकड्यांची सवय असलेल्या वाचकाने इथे थोडे थांबून डोक्यातली मोजपट्टी बदलायला हवी.

दुसरा गोंधळ घर आणि कुटुंब यांचा. अमेरिकी जनगणना खात्याच्या, म्हणजे सेन्सस ब्युरोच्या, हिशेबात ‘हाउसहोल्ड’ म्हणजे एका घरात राहणारी सगळी माणसे. त्यांचे आपसांत नाते असो वा नसो, एकटी राहणारी आजीसुद्धा एक हाउसहोल्ड. ‘फॅमिली’ म्हणजे नात्याने जोडलेली किमान दोन माणसे. ग्रामीण काउंट्यांत एकटे राहणारे वृद्ध बरेच असतात, त्यामुळे फॅमिलीचे मध्यक हाउसहोल्डच्या मध्यकापेक्षा ठळकपणे जास्त येते. मॅकडॉवेलमध्ये १९९९ सालचे फॅमिलीचे मध्यक २०,४९६ डॉलर होते आणि हाउसहोल्डचे १६,९३१. एका वर्षाला हा आणि दुसऱ्या वर्षाला तो आकडा उचलला, की नसलेली वाढ कागदावर उगवते. या लेखात ‘घर’ म्हणजे हाउसहोल्ड.

उत्पन्नात काय धरतात हेही पाहून घ्या. १५ वर्षे आणि त्यावरच्या सर्वांची मजुरी-पगार, धंद्यातला आणि शेतीतला निव्वळ नफा किंवा तोटा, व्याज, भाडे, खनिजांची रॉयल्टी, सोशल सिक्युरिटी, निवृत्तिवेतन, बेकारी भत्ता, रोख सरकारी मदत हे सगळे धरले जाते, तेही कर कापण्यापूर्वीचे. अन्नमदत, म्हणजे पूर्वीचे फूड स्टॅम्प आणि आताचे ‘स्नॅप’, धरत नाहीत. आरोग्य विमा, घर-जमीन विकून आलेला नफा, एकरकमी वारसा, करातून परत मिळालेली सवलत यांतलेही काही धरत नाहीत. गरीब काउंटीत हा फरक लहान नसतो. १९६१ साली फूड स्टॅम्पचा नवा प्रयोग सुरू झाला तेव्हा पहिले स्टॅम्प याच मॅकडॉवेल काउंटीत दिले गेले. अन्नमदत वाढली म्हणून तिथल्या घरात ताट भरले तरी मध्यक उत्पन्न जागचे हलणार नाही.

पायरी २: काउंटी पक्की करा

नावावर विसंबू नका. जेफरसन, वॉशिंग्टन, जॅक्सन या नावांच्या काउंट्या अनेक राज्यांत आहेत. प्रत्येक काउंटीला पाच अंकी ‘फिप्स’ क्रमांक असतो: पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. मॅकडॉवेलचा क्रमांक ५४०४७. सगळे तक्ते याच क्रमांकावर जोडा. एक्सेलची एक जुनी खोड इथे नडते. अलाबामाचा क्रमांक ०१ ने सुरू होतो आणि एक्सेल पुढचे शून्य खाऊन टाकते. मग ०१००१ चे १००१ होते आणि दुसऱ्या तक्त्याशी जुळत नाही. फाइल उघडतानाच तो रकाना ‘मजकूर’ प्रकारचा करून घ्या.

मग सीमा तपासा. बहुतेक काउंट्यांच्या सीमा दशकानुदशके तशाच राहतात, पण सगळ्यांच्या नाही. साउथ डकोटातल्या शॅनन काउंटीचे नाव २०१५ मध्ये ओगलाला लकोटा झाले आणि क्रमांकही ४६११३ वरून ४६१०२ झाला. नुसत्या क्रमांकावर शोधले तर काउंटी एका वर्षी गायब झाल्यासारखी वाटते. व्हर्जिनियात बेडफर्ड हे स्वतंत्र शहर २०१३ मध्ये भोवतालच्या बेडफर्ड काउंटीत सामील झाले. तिथे आधीच्या वर्षांसाठी दोन्हींचे आकडे एकत्र करावे लागतात, ते कसे ते पायरी ६ मध्ये आहे. कोलोराडोत २००१ साली चार काउंट्यांचे तुकडे काढून ब्रूमफिल्ड बनली. कनेक्टिकटने तर २०२२ पासूनच्या आकडेवारीत काउंट्या सोडून ‘प्लॅनिंग रिजन’ घेतले आहेत.

‘ग्रामीण’ या शब्दाचीही एक व्याख्या निवडून ती शेवटपर्यंत धरा. अमेरिकी कृषी खाते काउंट्यांना १ ते ९ अशी श्रेणी देते. १ ते ३ महानगरी, ४ ते ९ बिगर-महानगरी. ही यादी अधूनमधून सुधारली जाते. २०१३ आणि २०२३ च्या याद्या वेगळ्या आहेत. ज्या ग्रामीण काउंट्या भरभराटीला येतात त्याच पुढच्या यादीत महानगरी होतात. दर वेळी नवी यादी वापरली तर ग्रामीण भागातून यशस्वी काउंट्या गळत जातात आणि उरलेला भाग आहे त्यापेक्षा जास्त मागासलेला दिसतो. म्हणून सुरुवातीच्या किंवा शेवटच्या, कोणत्या तरी एकाच वर्षाची यादी धरा आणि कोणती धरली ते लिहा.

पायरी ३: कोणत्या काळासाठी कोणता स्रोत

१९६९ ते १९९९ साठी दर दहा वर्षांची जनगणना आहे. १९७०, १९८०, १९९० आणि २००० च्या जनगणनांत काही घरांना लांब प्रश्नावली दिली जाई. २००० मध्ये साधारण सहा घरांपैकी एकाला ती मिळाली. तिच्यात आदल्या कॅलेंडर वर्षाचे उत्पन्न विचारत. म्हणून २००० च्या जनगणनेतला आकडा १९९९ चा असतो. आलेखावर तो २००० वर मांडणे ही नवख्यांची ठरलेली चूक, आणि ती केली की महागाईचा गुणकही एका वर्षाने चुकतो. २०१० च्या जनगणनेत लांब प्रश्नावलीच नव्हती, त्यामुळे २०१० आणि २०२० च्या जनगणनेत उत्पन्न शोधत बसू नका. जुने तक्ते मिनेसोटा विद्यापीठाच्या एनएचजीआयएस या संग्रहात नाव नोंदवून फुकट मिळतात.

२००५ नंतर अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, थोडक्यात एसीएस, ही वर्षभर चालणारी नमुना पाहणी आहे. एका वर्षाचे आकडे फक्त ६५,००० किंवा जास्त लोकसंख्येच्या भागांसाठी निघतात. ग्रामीण काउंट्या सहसा त्याखाली असतात. त्यांच्यासाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र करून आकडा काढतात, पहिला २००५–२००९ चा. २०,००० च्या वरच्या भागांसाठी तीन वर्षांचेही आकडे निघत, पण ते २०११–२०१३ नंतर बंद झाले. पाच वर्षांचा आकडा हा पूर्ण कालखंडाचा असतो, शेवटच्या वर्षाचा नव्हे. २०१५–२०१९ चा आकडा २०१९ च्या डॉलरमध्ये छापतात, पण उत्पन्न त्या सबंध काळातले असते. त्यात आणखी एक बारकावा आहे. पाहणीत ‘गेल्या १२ महिन्यांतले’ उत्पन्न विचारतात, म्हणून जानेवारी २०१५ मध्ये भेटलेल्या घराने सांगितलेले उत्पन्न २०१४ चे असते. आलेखावर हा आकडा २०१७ च्या आसपास मांडणे योग्य. ‘२०१९ मध्ये उत्पन्न इतके होते’ असे त्यावरून लिहिणे चूक.

दरवर्षीचा आकडा हवा असेल तर सेन्सस ब्युरोचाच तिसरा स्रोत आहे: स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स, बोलताना ‘सेपी’. हा नुसत्या पाहणीचा आकडा नाही, तो गणिती प्रारूपातून काढलेला अंदाज आहे. एसीएसचा थेट आकडा, आयकर विवरणपत्रांचे सारांश, स्नॅप घेणाऱ्यांची संख्या, आधीची जनगणना अशा माहितीची त्यात सांगड घालतात. पाहणीचा नमुना लहान असेल तिथे प्रारूपाला जास्त वजन मिळते. काउंट्यांसाठी सेपीचे आकडे १९९७ पासून दरवर्षी सलग मिळतात. शिक्षण खाते गरीब मुलांच्या शाळांसाठीचा निधी वाटताना सेपीचे गरिबीचे अंदाज वापरते, त्यामुळे ही मालिका जपून तयार केली जाते.

सेपीत दोन सापळे आहेत. पहिला: प्रत्येक आकडा त्या त्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतो, महागाई काढलेली नसते. सेंट लुईस फेडरल रिझर्व्हच्या ‘फ्रेड’ संकेतस्थळावर काउंटीची देखणी चढती रेषा दिसते ती हीच, आणि त्या चढाचा मोठा हिस्सा निव्वळ महागाईचा असतो. दुसरा: २००५ पासून प्रारूपाचा पाया बदलला. त्याआधी करंट पॉप्युलेशन सर्व्हे होता, नंतर एसीएस आला. २००४ आणि २००५ यांच्यामधली उडी किंवा घसरण ही काउंटीची कहाणी म्हणून सांगू नका. आलेखात तिथे उभी तुटक रेघ मारा.

कामाची वाटणी मला अशी योग्य वाटते: १९९९ पर्यंत जनगणना, त्यानंतर पातळीसाठी एसीएसचे पाच वर्षांचे आकडे आणि दरवर्षीच्या चढउतारासाठी सेपी. तिन्ही एकाच आलेखावर दाखवा, पण तीन वेगळ्या खुणांनी. त्यांना एकाच रेषेने जोडू नका. प्रत्येकाची विचारण्याची रीत वेगळी, रहिवासी कोणाला म्हणायचे याचे नियमही वेगळे.

पायरी ४: आकडे उतरवून घ्या

सेन्सस ब्युरोच्या डेटा संकेतस्थळावर शोधपट्टीत तक्त्याचा क्रमांक बी१९०१३ (संगणकावर रोमन अक्षरात) आणि काउंटीचे नाव टाका. हा तक्ता एका ओळीचा असतो: मध्यक उत्पन्न आणि त्याचे मार्जिन ऑफ एरर, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती कमी-जास्त असू शकतो ते. सोबत बी१९००१ ही घ्या. त्यात उत्पन्नाच्या १६ गटांत किती घरे आहेत ते असते, पहिला गट १०,००० डॉलरखालचा आणि शेवटचा २,००,००० च्या वरचा. आज गरज नसली तरी हा दुसरा तक्ता पुढे लागतोच. २००० च्या जनगणनेसाठी समरी फाइल ३ मधले पी०५२ आणि पी०५३ हे तक्ते त्याच कामाचे.

कालखंड निवडताना एकमेकांवर न चढणारे घ्या: २००५–२००९, २०१०–२०१४, २०१५–२०१९, २०२०–२०२४. ही साखळी सोयीची आहे, कारण तिचा तिसरा खंड महामारीच्या आधी संपतो. २०२० मध्ये पाहणीच विस्कळीत झाली होती, इतकी की त्या वर्षाचे नेहमीचे एक-वर्षीय आकडे निघाले नाहीत, फक्त प्रायोगिक म्हणून काही प्रसिद्ध झाले. २०१४–२०१८ आणि २०१५–२०१९ यांची तुलना करू नका. दोन्हींत चार वर्षे तीच आहेत. तुम्ही खरे तर २०१४ ची तुलना २०१९ शी करत असता, आणि तीही पाचात एक भाग करून.

एखाद्या रकान्यात उणे चिन्ह आणि पुढे नऊ वेळा ६ दिसले तर घाबरू नका. नमुना अपुरा असल्याने आकडा काढता आला नाही, याची ती सांकेतिक खूण आहे. ती रिकामी न करता तशीच सरासरीत गेली, की अख्ख्या राज्याचे उत्पन्न उणे कोट्यवधी निघते. पहिल्या दिवशीच अशा सगळ्या खुणा शोधून रकाने मोकळे करा. ‘२,५००-’ किंवा ‘२,५०,०००+’ अशी नोंद असेल तर मध्यक त्या टोकाच्या पलीकडे आहे एवढेच कळते. तो नेमका आकडा समजून गणितात घेऊ नका.

पायरी ५: सगळे एकाच वर्षाच्या डॉलरमध्ये आणा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. १६,९३१ हे १९९९ चे डॉलर, २२,१५४ हे २०१० चे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याचा शहरी ग्राहक किंमत निर्देशांक १९९९ मध्ये सरासरी १६६.६ होता, २०१० मध्ये २१८.०५६. दुसऱ्याला पहिल्याने भागले की गुणक येतो १.३०८९. म्हणून

१६,९३१ × १.३०८९ = सुमारे २२,१६० डॉलर.

म्हणजे १९९९ चे उत्पन्न २०१० च्या भाषेत २२,१६० आणि पाहणीत सापडले २२,१५४. ३१ टक्क्यांची वाढ पूर्णपणे महागाईची होती. मधल्या दहा वर्षांत त्या मधल्या घराच्या हाती एक डॉलरही जास्त आला नाही.

कोणता निर्देशांक घ्यावा? वर मुद्दाम सर्वांना सहज मिळणारा घेतला. पण मोजण्याच्या रीती वेळोवेळी सुधारल्या तरी तो जुन्या वर्षांसाठी मागे जाऊन बदलत नाहीत. त्याच खात्याचा ‘संशोधन मालिका’ नावाचा दुसरा निर्देशांक, सीपीआय-यू-आरएस, आजच्या रीतीने १९७७ अखेरपर्यंत मागे मोजलेला आहे. एसीएसचे पाच वर्षांचे आकडे एका डॉलरवर आणायला सेन्सस ब्युरोही तोच वापरत आला आहे. १९९९ नंतरच्या तुलनेत दोघांत नगण्य फरक पडतो. १९७९ पासून यायचे असेल तर मात्र संशोधन मालिकाच घ्या, नाहीतर महागाई जास्त धरली जाते आणि जुने उत्पन्न फुगून दिसते. एक निर्देशांक निवडला की शेवटपर्यंत तोच.

एसीएसच्या खंडांना गुणताना आधार वर्ष शेवटचे असते हे विसरू नका. २०१०–२०१४ चा आकडा २०१४ च्या डॉलरमध्ये आहे, म्हणून २०१९ वर आणायला २५५.६५७ भागिले २३६.७३६, म्हणजे १.०७९९ ने गुणायचे. ‘हा आकडा २०१२ च्या मध्याचा, म्हणून २०१२ चा निर्देशांक घेऊ’ असे म्हणणारे महागाई दोनदा मोजतात. काळ २०१२ चा, डॉलर २०१४ चे. दोन खुणा वेगळ्या आहेत. मार्जिन ऑफ एररलाही त्याच गुणकाने गुणा.

एक मर्यादा मनात असू द्या. या निर्देशांकाच्या नावातच ‘शहरी’ आहे आणि महानगरांबाहेरच्या ग्रामीण घरांचा खर्च त्यात येत नाही. खेड्यात घरभाड्यापेक्षा पेट्रोल, मोटारदुरुस्ती आणि घर गरम ठेवण्याचे इंधन यांचा खर्चातला वाटा मोठा असू शकतो. काउंटीपुरता वेगळा निर्देशांक उपलब्ध नाही, म्हणून हाच वापरायचा. पण अर्धा-एक टक्क्याच्या वास्तविक, म्हणजे महागाई वगळलेल्या, वाढीवर त्यामुळे फार भार टाकू नये.

महागाई टाळून बघण्याची दुसरी वाट म्हणजे देशाच्या मध्यकाशी गुणोत्तर. १९९९ मध्ये देशाचे मध्यक ४१,९९४ डॉलर होते, मॅकडॉवेलचे त्याच्या ४०.३ टक्के. २००६–२०१० मध्ये देशाचे ५१,९१४, मॅकडॉवेलचे ४२.७ टक्के. काउंटी देशाच्या जवळ सरकली असे वाटते. आता देशाचा १९९९ चा आकडा २०१० च्या डॉलरमध्ये आणा: सुमारे ५४,९६० येतो. देशच साडेपाच टक्के खाली उतरला होता, मंदीची वर्षे त्या खंडात आहेत, आणि मॅकडॉवेल जागच्या जागी होती. म्हणून गुणोत्तर आणि वास्तविक डॉलर दोन्ही द्यावेत. एकट्या गुणोत्तरावरून ‘दरी कमी झाली’ असे लिहिणे लोकांची दिशाभूल करणारे ठरेल.

पायरी ६: फरक खरा की नमुन्याचा खेळ?

लहान काउंटीच्या अंदाजात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसे होती. अशा ठिकाणी दोन-चार घरे नमुन्यात आली की नाही यावर मध्यक हजारो डॉलरनी हलते. मॅकडॉवेल त्या मानाने मोठी, २०२० मध्ये १९,१११ लोकांची, तरी तिथेही सावधपणा लागतोच.

एसीएस मार्जिन ऑफ एरर ९० टक्के खात्रीच्या पातळीवर देते. त्याला १.६४५ ने भागले की प्रमाण त्रुटी मिळते. प्रमाण त्रुटी भागिले अंदाज, गुणिले शंभर, हा विश्वासार्हतेचा पहिला निकष. १२ टक्क्यांच्या आत असेल तर आकडा निर्धास्त वापरा, १२ ते ४० मध्ये जपून, त्यापुढे वापरूच नका. ही रूढ मापे आहेत, कायदा नव्हे.

दोन काळांच्या तुलनेसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा २०१०–२०१४ साठी २४,९०० डॉलर, कमी-जास्त २,१००. २०१५–२०१९ साठी २७,४००, कमी-जास्त २,६००. वरवर १० टक्के वाढ. आता क्रमाने करा:

१. पहिला आकडा आणि त्याचे मार्जिन दोन्ही १.०७९९ ने गुणा: २६,८९० आणि २,२६८.
२. फरक काढा: २७,४०० वजा २६,८९० म्हणजे ५१०.
३. दोन्ही मार्जिन १.६४५ ने भागा: १,३७९ आणि १,५८१.
४. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा: सुमारे २,०९७.
५. फरकाला त्याने भागा: ५१० भागिले २,०९७ म्हणजे ०.२४.

हा भागाकार १.६४५ च्या वर गेला असता तर ९० टक्के खात्रीने फरक आहे असे म्हणता आले असते. ०.२४ म्हणजे काहीच सांगता येत नाही. ‘उत्पन्न वाढले नाही’ असेही यातून सिद्ध होत नाही. बदल झाला असलाच तरी या नमुन्याला तो दिसत नाही, इतकेच. दोन आकड्यांच्या पट्ट्या (आकडा वजा मार्जिन ते आकडा अधिक मार्जिन) एकमेकींवर चढतात की नाही एवढेच नजरेने पाहून निकाल देऊ नका. पट्ट्या थोड्या चढल्या तरी फरक खरा असू शकतो, म्हणून भागाकार कराच.

एकमेकांवर चढणारे खंड घ्यावेच लागले तर चौथ्या टप्प्यातल्या उत्तराला आणखी एका संख्येने गुणतात. एकातून सामाईक वर्षांचा हिस्सा वजा करा आणि उरलेल्याचे वर्गमूळ घ्या. पाचात चार वर्षे सामाईक असतील तर ०.२ चे वर्गमूळ, ०.४४७.

त्रुटी फार मोठी असेल तेव्हा शेजारच्या, अर्थव्यवस्थेने सारख्या दोन-तीन काउंट्या एकत्र करणे हा चांगला उपाय. पण मध्यकांची सरासरी काढायची नाही, लोकसंख्येचे वजन देऊनसुद्धा नाही. बी१९००१ मधल्या १६ गटांची घरे गटागटाने मिळवा आणि नवे मध्यक काढा. समजा मिळून ४,००० घरे आहेत. मधले घर २,००० वे. ४०,००० डॉलरच्या खालच्या सगळ्या गटांत मिळून १,८६० घरे आहेत आणि ४०,००० ते ४४,९९९ या गटात ३५०. म्हणजे या गटात १४० घरे पुढे जायचे. १४० भागिले ३५०, गुणिले गटाची रुंदी ५,०००, बरोबर २,०००. मध्यक ४२,००० डॉलर. गटात घरे समान पसरलेली आहेत असे यात गृहीत धरले आहे. ५,००० च्या गटात ते चालून जाते. मध्यक ६०,००० ते ७४,९९९ या रुंद गटात पडले तर उत्तर शंभरांत नको, हजारांत सांगा. गट मात्र त्या त्या खंडाच्या डॉलरमध्ये असतात. आधी मध्यक काढा, मग महागाईने गुणा.

पायरी ७: आकडा का हलला ते तपासा

उत्पन्नाचे मध्यक हे माणसांचे नसून त्या काउंटीत त्या वेळी असलेल्या घरांचे असते, आणि घरे बदलतात. मॅकडॉवेलची लोकसंख्या १९५० मध्ये ९८,८८७ होती, २००० मध्ये २७,३२९, २०१० मध्ये २२,११३. शेवटच्या दहा वर्षांतच १९ टक्के माणसे कमी झाली. गरीब घरे निघून गेली तर राहिलेल्यांच्या खिशात काहीही न पडता मध्यक वाढते. कमावती तरुण घरे गेली तर उलटे होते. म्हणून प्रत्येक खंडासाठी घरांची एकूण संख्या, घरातली सरासरी माणसे आणि ६५ वर्षांवरच्यांचे प्रमाण शेजारी लिहा. घर तीनाचे दोनाचे झाले आणि उत्पन्न तेवढेच राहिले, तर माणशी उत्पन्न वाढलेले असते.

मॅकडॉवेलमध्ये तुरुंगही आहेत, ग्रामीण अमेरिकेत ते पुष्कळ ठिकाणी दिसतात. कैदी काउंटीच्या लोकसंख्येत मोजले जातात, पण ‘घर’ म्हणून नाही. त्यामुळे घरांच्या मध्यकावर त्यांचा परिणाम नाही, दरडोई उत्पन्न मात्र खाली ओढले जाते. मध्यक स्थिर आणि दरडोई घसरलेले दिसले तर आधी नवा तुरुंग किंवा वसतिगृह उघडले का ते पाहा.

वाणिज्य खात्याचे आर्थिक विश्लेषण कार्यालय काउंटीवार ‘वैयक्तिक उत्पन्न’ १९६९ पासून दरवर्षी देते. दिशा ताडून पाहायला ते उपयोगी, पण त्यात सरकारने भरलेला वैद्यकीय खर्च आणि मालकाने भरलेला विमाही धरतात, शिवाय ती सरासरी असते. म्हाताऱ्या लोकसंख्येच्या काउंटीत हा आकडा चढत राहतो आणि मध्यक तिथेच राहते. दोन्हींतली विसंगती ही चूक नाही. दवाखान्याची बिले सरकारने भरली याने घरातली रोकड वाढत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ८: लिहिताना

चारही खुणा वाक्यात आल्या पाहिजेत. नमुना असा: ‘मॅकडॉवेल काउंटीतल्या घरांचे मध्यक उत्पन्न २००६–२०१० या काळात, २०१० च्या डॉलरमध्ये, २२,१५४ होते. १९९९ चे उत्पन्न त्याच डॉलरमध्ये सुमारे २२,१६० भरते; दोन्हींत मोजता येण्याजोगा फरक नाही.’ पाठोपाठ मार्जिन द्या आणि कोणता निर्देशांक वापरला ते लिहा. टक्केवारीत दशांश चिन्हापुढे एकापेक्षा जास्त अंक नकोत. आलेखात प्रत्येक बिंदूला वर-खाली मार्जिनची दांडी काढा, आणि एसीएसचा बिंदू खंडाच्या मध्यावर ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना पाच वर्षांची आडवी रेघ ओढा. ती रेघ दिसली की वाचक आपणहून ‘२०१० मध्ये’ म्हणत नाही.

उतरवलेल्या मूळ फाइली बदलू नका. तारीख टाकून वेगळ्या ठेवा आणि गणित दुसऱ्या तक्त्यात करा. निर्देशांकाची मालिकाही सोबत साठवा, कारण संशोधन मालिकेतले आकडे मागाहून थोडे सुधारले जातात, आणि दोन वर्षांनी तेच गणित पुन्हा केले तर शेवटचे दोन-चार डॉलर जुळत नाहीत.